ताटातला शेवटचा घास

१

शाळा उघडणार म्हटल्यावर सगळ्यांना मुलींची काळजी लागली. गाद्यांची काळजी मात्र एकट्या मला. वर्षभर बंद राहिलेलं वसतिगृह म्हणजे काय प्रकार असतो, ते ज्याला आवरावं लागतं त्यालाच कळतं. गाद्यांना बुरशी, नळांना गंज, आणि उंदरांनी उशा फोडून कापूस पार जिन्यापर्यंत आणलेला. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मास्कवर आणखी रुमाल धरून दारातूनच म्हणाल्या, "तुम्ही बघून घ्याल ना?" मी म्हटलं, "बघते की. दुसरं आहे कोण?"

मी इथल्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक. मुली मला नुसतं 'बाई' म्हणतात. माझी मुलगीही इथंच सातवीत आहे, आणि तीही मला 'बाई'च म्हणते. हा नियम माझा. ती राहायला आली त्याच दिवशी मी तिला बजावलं होतं, या फाटकाच्या आत मी तुझी आई नाही. सलगी करायची नाही, गळ्यात पडायचं नाही, कोणी समोर असलं की ओळखसुद्धा दाखवायची नाही. तिचे बाबा गेल्यावर मला ही नोकरी मिळाली आणि नोकरीमुळे तिला ही शाळा. 'बाईंची लाडकी' असं एकदा नाव पडलं की दोन्ही जायला वेळ लागत नाही. पोरीनं मान डोलावली आणि त्यानंतर एकदाही चुकली नाही. घरी गेलो की मात्र 'आई, आई' करून डोकं उठवायची.

घरी मी तिला खारूताई म्हणते. त्याचं कारण तिचं ताट. ती लहान असताना तिचे बाबा कामावरून उशिरा यायचे. ही जेवून झोपून जायची, पण ताटाच्या कोपऱ्यात एक घास त्यांच्यासाठी राखून. ते आले की हातपाय न धुता आधी तो गार घास तोंडात टाकायचे. बाबा गेले, घास राहिला. मी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, शेवटी नाद सोडला. कुठंही जेवली तरी हिच्या ताटात एक घास उरणारच.

२

साथ ओसरली होती, संपली नव्हती. म्हणून आलेल्या प्रत्येक मुलीनं पहिला आठवडा एका खोलीत एकटीनं राहायचं असं ठरलं. मुली थोड्याच आल्या होत्या, खोल्या भरपूर. वरच्या मजल्यावरची अगदी टोकाची खोली कोणालाच नको होती. मग ती मी माझ्याच मुलीला दिली. उगाच कोणी तोंड उघडायला नको.

रोजचं काम ठरून गेलं. दारापुढच्या स्टुलावर ताट ठेवायचं, दोनदा टकटक करायची, मागे सरून खिडकीपाशी उभं राहायचं आणि विचारायचं, "बरी आहेस ना?" आतून उत्तर यायचं, "बरी आहे, बाई." मग दार किलकिलं व्हायचं, मास्क लावलेलं तोंड दिसायचं, ताट आत जायचं. कोणी रडायची, कोणी भाजीला नाक मुरडायची. एकीनं तर मला दारातूनच कोडी घातली. माझी पोर शहाण्यासारखी राहिली. "बरी आहे, बाई." रिकामं ताट बाहेर यायचं, कोपऱ्यात घास. तो बघितला की मला बरं वाटायचं. वर्षभर माझ्या भावाकडे राहूनही पोर बदलली नव्हती.

मधे एकदा थोडी गंमत झाली. ताट ठेवायला मी वाकले, हात अजून दाराला लागलाही नव्हता, तोच आतून आलं, "बरी आहे, बाई." मी हसले. कंटाळलीय बिचारी, पावलं ओळखायला लागली. मी टकटक केली, रीतसर विचारलं. पुन्हा उत्तर आलं. आधीचा आवाज खालून आल्यासारखा वाटला होता, जमिनीलगतून, आणि हा नेहमीसारखा दारापाशी. जमिनीवर बसली असेल आणि उठली असेल, झालं. मी दुसऱ्या दाराकडे वळले.

३

आठवडा संपला तशी मी दारं उघडत गेले. पोरी कोंडवाड्यातून सुटल्यासारख्या खिदळत जिन्याकडे धावल्या. शेवटी मी टोकाच्या खोलीची कडी वाजवली. दार उघडलं आणि माझी पोर सगळ्यांच्या देखत धावत येऊन माझ्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "आई!"

पोरी थबकल्या. मोठ्या बाई जिन्यात उभ्या होत्या, त्यांच्या भुवया वर गेल्या. मी हिला बाजूला केलं, दटावलं, "काय ठरलं होतं आपलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "काय ठरलं होतं?"

"शहाणीच आहेस!"

"विसरले गं, आई," ती म्हणाली आणि हसली. मास्कवरून डोळे दिसत होते. डोळे तिचेच होते.

दुपारी भोजनगृहात मुली लांब लांब बसल्या. मास्क उतरवून माझी पोर भात-भाजी जेवली, पाव मागून घेतला, त्यानं ताट पुसून काढलं. कोपरा स्वच्छ. मी समोर उभी राहून ते ताट बघत राहिले. वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाई, नजर लावाल पोरीच्या जेवणाला." मीही हसले. भूक लागली असेल, वाढतं वय आहे, असं मनाला सांगितलं. इतकी वर्षं मीच म्हणत होते ना, ताट संपव म्हणून? आता संपवलं तर मलाच का खटकावं?

त्याच संध्याकाळी सगळ्या खोल्या औषध फवारून बंद केल्या. दारांच्या फटींवर चिकटपट्टी लावायची आणि पुढचा हुकूम येईपर्यंत उघडायच्या नाहीत, असा नियम होता. टोकाच्या खोलीला कुलूप मीच घातलं. पट्टीही माझ्याच हातची. खालची फट तेवढी राहिली, कारण तिथं फरशी ओबडधोबड आहे, पट्टी धरत नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेल्या चादरी घेऊन मी त्या मजल्यावरून चालले होते. लख्ख ऊन होतं. खाली अंगणात पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या, त्यांचा गलका वर येत होता.

"बरी आहे, बाई."

मी थांबले. चादरींचा ढीग हनुवटीपर्यंत आलेला. वाटलं, कानच वाजले. तेच तेच ऐकून आठवडाभरात कान तयार झाले असतील. मी आपली पुढं चालायला लागले.

"बाई, माझं ताट?"

चादरी माझ्या हातातून पडल्या. मी खिडकीशी धावले. खाली अंगणात माझी मुलगी दोरीवरून उड्या मारत होती. वेणी पाठीवर आपटत होती. तिनं वर बघून हात हलवला.

मी दारापाशी परत आले. कान लावला. आत काही नाही. मग नाकानं श्वास घेतल्याचा आवाज. सर्दी झाली की ती घेते तसा.

"कोण आहे?" मी विचारलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"मीच आहे, बाई."

५

मी तशीच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. भूतबित असलं काही बोलले नाही, मी काय वेडी आहे? म्हटलं, आवाज येतोय, एखादी मुलगी खेळताना अडकली असेल. त्या तडक उठल्या. पट्टी फाडली, कुलूप काढलं, दार ढकललं.

खोलीत कोणी नव्हतं. औषधाचा वास डोळ्यांत गेला. कॉटवर गुंडाळलेली गादी, टेबल, खुर्ची, बंद खिडकी. खिडकीच्या कट्ट्यावर एक ताट होतं. ताटात कोपऱ्यात भाताचा एक घास.

"हे काय? ताट उचललं नाही कोणी?" मोठ्या बाई म्हणाल्या. "उंदीर येतील अशानं."

आदल्या दिवशी कुलूप घालताना कट्ट्यावर ताट होतं का? मी शपथेवर सांगू शकत नाही. मी घास बोटानं चेपून पाहिला. मऊ लागला. पण खोली दमट आहे, भात सुकायला वेळ लागत असेल.

"तुमची झोप होत नाहीये," मोठ्या बाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत, हेच वाईट. कुलूप पुन्हा घातलं, पट्टी पुन्हा लावली आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. "आणि एक सांगते. पालकांच्या कानावर असलं काही गेलं ना, तर उद्या शाळा रिकामी होईल. तुमची पोर इथं शिकतेय, तिचा विचार करा."

त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. मी ताट घेऊन उभीच होते.

"मी कॉटखाली होते, बाई," दाराआडून हळूच आलं. "तुम्हीच सांगितलंय ना, कोणी समोर असलं की ओळख दाखवायची नाही."

मी ताट खाली ठेवलं. कॉटखाली आम्ही बघितलं होतं का? मी वाकले होते, एवढं आठवतं. वाकत होते, तेवढ्यात मोठ्या बाईंनी ताट दाखवलं आणि मी तिकडं वळले. की वाकून बघितलं आणि मग वळले? आजही मला ते आठवत नाही.

६

त्यानंतर माझं जे झालं ते कोणाला सांगायची सोय नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तू जरा झोप. पोरगी आई म्हणते आणि पोटभर जेवते, याची कोणी तक्रार करतं का?" बरोबरच होतं त्याचं. मी फोन ठेवला.

रविवारी मी तिला न्हाऊ घातलं, उन्हात बसवून केस विंचरले. विंचरता विंचरता सगळं तपासलं. कानामागचा तीळ जागेवर. गुडघ्यावरचा, सायकलवरून पडलेला वण जागेवर. पुढच्या दाताचा उडालेला टवका तसाच. आईला आणखी काय बघायचं असतं? मी अगदी सहज विचारल्यासारखं केलं, "हल्ली घास नाही ठेवत तू?"

तिनं पुढ्यातली केसांची गुंतवळ बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "कोणासाठी ठेवू?"

माझ्या हातातली फणी थांबली. मला इतकं रडू आलं की काय सांगू. आठवडाभर एकटी खोलीत बसून पोरीनं विचार केला असेल. बाबा येणार नाहीत हे तिला आत कुठंतरी पटलं असेल. मोठी झाली माझी पोर. मी तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. केसांना तिचाच वास होता.

आणि तरीही चहाच्या वेळी माझे पाय त्या दाराकडे वळले.

मी खालच्या फटीतून एक बिस्किट आत सरकवलं. सरकवताना स्वतःलाच शिव्या दिल्या. आत काही हललं नाही. थोड्या वेळानं फटीतून काहीतरी बाहेर आलं, बोटानं ढकलावं तसं. बिस्किटाचा कोपरा. दातांनी नीट कुरतडून उरवलेला.

उंदीर असेल. उंदीर बिस्किट नेतो, कुरतडतो, सगळं खरं. पण उरलेलं परत आणून देणारा उंदीर मी तरी पाहिला नाही.

"बाई, मला कधी सोडणार?"

"सोडते," मी म्हटलं. "किल्ली मोठ्या बाईंकडे आहे."

"मी काही चुकले का?"

"नाही गं," मी म्हटलं आणि दाराला हात लावला. दार गार होतं. "तू कुठं चुकलीस? तू कधीच चुकत नाहीस."

मग रोजचंच झालं. खाली एक 'आई, आई' करत पदराला लोंबकळायची. वर एक 'बाई' म्हणायची आणि कोपरा परत द्यायची. डोकं भणाणून जायचं. नियम पाळला तिनं, म्हणजे वरची माझी. पण मग वाटायचं, थांब, दाराआड जे काही आहे, त्यानं आठवडाभर दुसरं ऐकलंय तरी काय? 'बाई' हेच ना? घासही त्यानं रोज बाहेर जाताना बघितला असेल. शिकायला कितीसा वेळ लागतो? आणि खरी पोर आठवड्यानं सुटली तर नियम विसरून आईच्या गळ्यात पडणार नाही, तर काय करेल? म्हणजे खालची माझी. मग बिस्किटाचा कोपरा आठवायचा. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आई असून मला माझं मूल ओळखता येत नव्हतं. याहून मोठी शरमेची गोष्ट कोणती?

७

साथ पुन्हा वाढली. शाळा पुन्हा बंद, मुलींना ताबडतोब घरी पाठवा, असा हुकूम आला. एका सकाळीत निम्मं वसतिगृह रिकामं झालं. दुपारी मोठ्या बाई निघाल्या. जाताना किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात देत म्हणाल्या, "सगळं बंद करून तुम्हीही निघा." जुडग्यात टोकाच्या खोलीची किल्ली होती.

त्या क्षणी माझं ठरलं. सगळ्यांना जाऊ दे. मग मी एकटीनं दार उघडीन. कोणी समोर नसेल, मग तिला लपायचं कारण नाही. आणि त्या वेळी ही, खाली हिंडणारी, इथं नको. का नको, ते मी मनाशीही नीट बोलले नाही. भावाला सांगितलं, जीप घेऊन ये, पोरीला घेऊन जा, मी आवरून मागून येते.

त्याला यायला उशीर झाला, तोवर उरलेल्या मुली आणि मावशीही निघून गेल्या. मी डब्यात पाव आणि उकडलेली अंडी भरून दिली होती. ती फाटकाजवळच्या बाकावर बसून खात होती. मी लांब उभी राहून बाकीच्यांच्या मागे राहिलेल्या ट्रंका मोजल्याचं सोंग करत होते.

जीप आली. ती उठून माझ्यापाशी आली.

"आई, तू पण चल ना."

"मला काम आहे."

"मी मदत करते. मग दोघी जाऊ."

"हट्ट नको करू."

"आई, मला इथं तुला एकटीला सोडून नाही जायचं," ती म्हणाली आणि माझा हात धरला. तळवा घामेजला होता. मी हात सोडवून घेतला. जरा जोरानंच. तिच्या मागे, वरच्या मजल्यावर, टोकाची खिडकी दिसत होती. काचेवर ऊन होतं, आतलं काही दिसत नव्हतं.

"किती वेळा सांगितलं, फाटकाच्या आत मी आई नाही म्हणून?" मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. मास्क हनुवटीवर होता, सगळा चेहरा दिसत होता. रडली नाही. डबा माझ्या हातात दिला.

"बरं, बाई," ती म्हणाली.

जीपमध्ये बसताना तिनं मागं बघितलं नाही. भावानं हात केला, गाडी वळली, झाडांआड गेली. आवाजही गेला.

८

फाटक लावलं. डबा धुवायला टाकावा म्हणून आत जाता जाता झाकण उघडलं. अंड्यांची टरफलं नीट एका बाजूला गोळा करून ठेवलेली होती. आणि कोपऱ्यात पावाचा एक घास होता. त्यावर अंड्याचा पिवळा तुकडा जपून ठेवलेला.

कोणासाठी ठेवू, असं तिनं विचारलं होतं.

माझ्यासाठी ठेवला होता. मी मागं राहणार होते ना.

मी फाटकाकडे धावले, कडी काढली, रस्त्यावर आले. रस्ता रिकामा. फोन लावला, भावाचा लागेना, तो गाडी चालवताना उचलतच नाही. "खारूताई!" मी ओरडले. रस्त्यावर ओरडणाऱ्या वेड्या बाईसारखी ओरडले. मग तो घास तोंडात टाकला, हात न धुता, आणि रडत रडत खाल्ला. गार होता.

संध्याकाळपर्यंत जाईन, पाया पडेन पोरीच्या, असं ठरवून मी बॅग घ्यायला आत वळले. बॅग वरच्या मजल्यावर, माझ्या खोलीत. टोकाच्या खोलीपाशी व्हरांडा वळतो, तिथून पलीकडे; म्हणजे त्या दारावरूनच जायचं होतं. जाताना थांबायचं नाही, बघायचं नाही, बॅग उचलायची आणि निघायचं. सगळ्या इमारतीत माझ्या एकटीच्या चपला वाजत होत्या. शेवटच्या पायरीवर मी चपला काढून हातात घेतल्या.

दारावरची चिकटपट्टी सुटून खाली लोंबत होती. कुलूप होतं तसं होतं. मी टकटक केली नाही. श्वाससुद्धा घेतला नाही.

"आई," आतून आलं. जमिनीलगतून. "गेले का गं सगळे?"